सोनं, तंबोरा आणि सहा लाखांची मर्यादा : घराच्या विम्यात महागड्या वस्तूंचं काय होतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाला देतोय ते स्पष्ट राहील. सांगलीत मारुती चौकाच्या मागे तुमचं घर आहे. गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा काढायला लावला. पॉलिसीवर बांधकामाची रक्कम ३० लाख आणि सामानाची ६ लाख आहे. घरात आईचं साधारण बावीस तोळे सोनं, आजोबांचा मिरजेचा तंबोरा, मोठा टीव्ही, फ्रिज, तुमचा लॅपटॉप आणि भावाचा कॅमेरा आहे. एजंट म्हणतो, ‘सहा लाखांत सगळं बसतंय, काळजी करू नका.’ तुम्हाला विचारायचंय ते असं, की उद्या पुन्हा २०१९ सारखा महापूर आला किंवा घरफोडी झाली तर सोन्याचे किती मिळतील, आणि सहाचे दहा लाख करून घेतले तर भागेल का.

आकडा आधी सांगतो. तुम्ही वर्णन केलेल्या कागदावर सोन्याचे शून्य रुपये मिळतील. पुरात शून्य, घरफोडीतही शून्य. सहाचे दहा केले तरी सोन्यापुरतं उत्तर तेच राहील. हे वाचून धक्का बसेल, पण पाणी दारात यायच्या आधी कळलेलं बरं.

मी सव्वीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काम करतोय. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड हा माझा फिरतीचा पट्टा. नुकसान झालं की विमा कंपनी ज्याला घरी पाठवते, मोजमाप करून अहवाल द्यायला सांगते, तो माणूस मी. त्यामुळे पॉलिसी विकताना काय बोललं जातं त्यापेक्षा क्लेमच्या दिवशी कागदावर काय सापडतं, याचा अनुभव माझ्याकडे जास्त आहे. तुमची पॉलिसी मी पाहिलेली नाही. पुढचं सगळं ती ‘भारत गृह रक्षा’ आहे असं धरून लिहितो. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ही प्रमाणित पॉलिसी देणं सर्व साधारण विमा कंपन्यांना सक्तीचं झालं, आणि सामानाची रक्कम बांधकामाच्या बरोबर वीस टक्के आहे, त्यावरून ती तीच असावी. पॉलिसीवर दुसरं नाव असेल तर काही गोष्टी बदलतील. त्या जिथे बदलतात तिथे सांगेन.

या पॉलिसीत घरातल्या वस्तूंचे दोन रकाने आहेत. पहिला सर्वसाधारण सामानाचा. फर्निचर, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघरातली उपकरणं, कपडे, छतावरचे सोलर पॅनेल, पाण्याची टाकी हे सगळं यात येतं. बांधकाम आणि सामान असं दोन्ही घेतलं असेल तर बांधकामाच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं संरक्षण या रकान्याला यादी न देता आपोआप मिळतं. तुमचे ३० लाखांचे वीस टक्के म्हणजे ते ६ लाख. दुसरा रकाना मौल्यवान वस्तूंचा : दागिने, चांदीची भांडी, चित्रं, कलावस्तू, पुराणवस्तू. हा रकाना ऐच्छिक आहे. वेगळा मागावा लागतो, वेगळा हप्ता भरावा लागतो, वस्तूंची यादी द्यावी लागते. मागितला नसेल तर तो कोरा राहतो, आणि कोऱ्या रकान्यातून पैसे येत नाहीत. पहिल्या रकान्यात कितीही जागा शिल्लक असली तरी सोनं तिकडे सरकवता येत नाही. सहाचे दहा करून उपयोग नाही तो यामुळे.

कंपन्या असं का करतात, हे समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो आणि उपायही सुचतो. एका घरातला फ्रिज आणि शेजारच्या घरातला फ्रिज यांत फार फरक नसतो. मॉडेल सांगितलं की किंमत कळते, आणि तो पुरात वाहून गेला तरी त्याची जागा, वायर, स्टँड मागे राहतं. सोन्याचं तसं नाही. एका घरात दोन तोळे असतं, त्याच गल्लीत दुसऱ्या घरात साठ तोळे. ते रुमालात गुंडाळून नेता येतं आणि गेल्यावर मागे काही खूण राहत नाही. मग ते किती होतं, कसल्या घडणीचं होतं, मुळात होतं का, हे नुकसानीनंतर कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून कंपनी म्हणते, आधी दाखवा, आधी किंमत ठरवू, मग जबाबदारी घेऊ.

ही आधी ठरवलेली किंमत, म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यू, तुमच्याच बाजूची तरतूद आहे. बांगडीची किंमत यादीत दोन लाख मान्य झाली आणि ती पूर्ण गेली, तर दोन लाखच मिळतात. त्या दिवशी घासाघीस होत नाही. मौल्यवान वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कुठलीही एक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला द्यायची सक्ती नाही. तुमच्या बाबतीत ही सवलत कामाची नाही. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला, तेव्हा तोळ्याला लाख धरले तरी बावीस तोळ्यांचे बावीस लाख होतात, आणि एकटी दोन तोळ्यांची पाटलीसुद्धा लाखाची मर्यादा ओलांडते. दाखला लागणारच. आपल्याकडे विट्या-खानापूरची गलाईवाली, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारी, मंडळी सोन्याचा कस नुसत्या नजरेने सांगतील इतकी जाणकार आहेत, पण कंपनीला लागतो तो शासनमान्य मूल्यांकनकाराचा सही-शिक्क्याचा कागद. तो करून घ्या.

दाखल्यात काय असावं, यावर जरा थांबतो, कारण बहुतेक क्लेम इथेच अडकतात. ‘सोन्याचे दागिने, एकूण २२० ग्रॅम’ अशी एक ओळ लिहिलेला दाखला मला वर्षातून चार-पाच वेळा दिसतो. त्याचा उपयोग फार कमी. प्रत्येक डाग वेगळा लिहा : नाव, वजन, कॅरेट, खडे असतील तर त्यांचं वजन वजा करून निव्वळ सोनं, आजचं मूल्य. पाटल्यांची जोडी असेल तर ‘पाटली एक’, ‘पाटली दोन’ असं वेगवेगळं लिहून घ्या. अलीकडच्या दागिन्यांवर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क लागू असलेला दागिना दुकानदाराला त्याशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक यादीत उतरवून ठेवा. आईच्या जुन्या दागिन्यांवर तो नसणार. त्यांचा वजनकाट्यावर ठेवून, काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढा.

हे इतकं बारकाईने का सांगतोय, त्याला एक घर कारण आहे. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी पंचेचाळीस. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी मी नदीकडच्या भागातल्या एका घरात गेलो. छताखाली हातभर अंतरावर चिखलाची सरळ रेघ होती. लोखंडी कपाट तोंडावर पडलं होतं, त्याची दारं उचकटली होती आणि आतल्या लॉकरच्या खणात गाळ भरला होता. चपलाहार आणि पाटल्यांची जोडी गेली होती. त्या घरातल्या काकूंनी लग्नाचा अल्बम माझ्यासमोर ठेवला. पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. त्या एकेक पान नखाने सोडवायचा प्रयत्न करत होत्या आणि पानाबरोबर फोटोचा रंग निघून येत होता. शेवटी गावाला राहणाऱ्या नणंदेकडून त्याच लग्नातले दोन फोटो आले. दागिने होते, हे सिद्ध झालं. वजन सिद्ध झालं नाही.

त्यांची पॉलिसी जुन्या पद्धतीची हाउसहोल्डर, म्हणजे वेगवेगळ्या विभागांची घरगुती पॉलिसी, होती. दागिन्यांचा विभाग घेतलेला होता, दोन लाखांचा. पण यादी जोडलेली नव्हती, आणि अटीत एक ओळ होती : यादीत न लिहिलेल्या कुठल्याही एका वस्तूला विभागाच्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त मिळणार नाही. म्हणजे डागाला वीस हजार. मग पाटल्यांची जोडी एक डाग की दोन, यावर दोन महिने पत्रव्यवहार झाला. मी अहवालात दोन धरले, कंपनीने अखेर मान्य केलं, तीन डागांचे साठ हजार मिळाले. हप्ता त्यांनी नऊ वर्षं दोन लाखांवर भरला होता. त्या घरातून निघताना त्यांनी विचारलं होतं, ‘ही यादी द्यायची असते हे आम्हाला कुणी सांगायचं होतं?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी हे सविस्तर सांगतो.

तुमची पॉलिसी भारत गृह रक्षा नसून एखादी जुनी किंवा वेगळी हाउसहोल्डर निघाली, तर तीत ही एका वस्तूची मर्यादा आधी शोधा. टक्केवारी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. दुसरं, जोडी किंवा संच याबद्दलची ओळ शोधा. कानातलं एक हरवलं तर बहुतेक ठिकाणी एकाचेच पैसे देतात, जोडी मोडल्याचे नाही. आणि तिसरं, सरासरीचं कलम. घरात दहा लाखांचं सामान असून विमा पाच लाखांचाच काढला असेल आणि दोन लाखांचं नुकसान झालं, तर अशा पॉलिसीत एकच लाख मिळतो, कारण निम्मी जोखीम तुम्ही स्वतःच्या अंगावर ठेवली असं धरतात. भारत गृह रक्षेत ही कपात काढून टाकली आहे, ही तिच्यातली सर्वांत मोठी सुधारणा आहे असं मला वाटतं.

आता चोरी. इथे एजंटच्या ‘सगळं बसतं’चा दुसरा गैरसमज आहे. भारत गृह रक्षा मूळ आगीची आणि नैसर्गिक संकटांची पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, टाकी फुटणं हे तिच्यात येतं. साधी घरफोडी येत नाही. चोरी येते ती एकाच प्रसंगात : यांपैकी एखादी घटना घडली, तिच्यामुळे घर उघडं पडलं आणि घटनेपासून सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. सांगलीकरांनी ते सात दिवस नीट मोजावेत. २०१९ ला कित्येक घरांत आठवडाभर पाणी होतं. लोक नातेवाइकांकडे, शाळांत, मंगल कार्यालयांत राहिले आणि परतले तेव्हा दहा-बारा दिवस उलटून गेले होते. चोरी कोणत्या दिवशी झाली हे मग कोण सांगणार? म्हणून पाणी थोडं उतरलं, होडीने किंवा गुडघाभर पाण्यातून घराकडे जाता आलं, की त्याच दिवशी कुलूप, दार, कपाट पाहा. काही गेलेलं दिसलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या. साफसफाईच्या गडबडीत ही फिर्याद मागे पडते आणि पुढे तीच नडते.

एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण विकत घ्यावं लागतं, जोड म्हणून किंवा स्वतंत्र पॉलिसी म्हणून. ते घेतानाही व्याख्या वाचा. ‘बर्गलरी’ म्हणजे कुलूप तोडून, दार-खिडकी उचकटून, जबरदस्तीने आत शिरून केलेली चोरी. दार सताड उघडं असताना, घरात येणाऱ्या माणसाने किंवा लग्नाच्या गर्दीत कोणी डाग उचलला, तर पोलिसांच्या लेखी ती चोरी आहे, पण पॉलिसीच्या लेखी बर्गलरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हेच सांगितलं : पॉलिसीत बळजबरीने प्रवेश असं लिहिलं असेल तर ती व्याख्या लागू होते, फौजदारी कायद्यातली चोरीची व्याख्या नाही. म्हणून शक्य असेल तर ‘बर्गलरी आणि थेफ्ट’ असे दोन्ही शब्द असलेलं कव्हर मागा. हप्ता जास्त पडतो, पण सोन्यासाठी मी तेच सुचवेन.

‘मग लॉकरमध्येच ठेवतो’ असं तुम्ही म्हणाल. चांगला विचार आहे, अर्धा तरी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकी आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत बावीस लाखांचं सोनं असलं तरी तीनच. आणि पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक संकटात, बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसेल तर, ती जबाबदारीही नाही. त्यामुळे लॉकर घेताना शाखा कुठे आहे, तळमजल्यावर आहे का, २०१९ ला तिथे पाणी किती होतं, हे सांगलीत विचारायलाच हवं. आणखी एक : घराच्या पॉलिसीतलं दागिन्यांचं संरक्षण घरातल्या वस्तूला असतं. ते लॉकरमध्ये असतानाही लागू राहील असं शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, स्पष्ट लिहून आल्याशिवाय गृहीत धरू नका. मी स्वतः नेहमी वापरायचे दोन-चार डाग घरात, यादीत लिहून, आणि बाकीचं उंचावरच्या शाखेच्या लॉकरमध्ये, असं ठेवतो.

सोनं आईचं आणि पॉलिसी तुमच्या नावावर आहे, याचाही विचार करा. आई तुमच्यासोबत कायम राहत असल्या तरी यादीत मालक म्हणून त्यांचं नाव लिहून घेतलेलं बरं. एका ओळीचं काम आहे आणि नंतरचे बरेच प्रश्न वाचतात.

दागिन्यांची रक्कम दरवर्षी बदला. भारत गृह रक्षा दहा वर्षांपर्यंतची काढता येते आणि कर्जाबरोबर बहुधा लांब मुदतीचीच काढतात. बांधकामाला ते ठीक आहे. पण २०२१ साली दहा ग्रॅमला पन्नास हजारांच्या आगेमागे मान्य केलेली किंमत एप्रिल २०२५ च्या भावाच्या जेमतेम निम्मी भरते, आणि ॲग्रीड व्हॅल्यू म्हणजे लिहिलंय तेवढंच. अक्षय्य तृतीयेला किंवा दिवाळीला, जेव्हा तुम्ही सोनं बाहेर काढताच, तेव्हा नवा दाखला करून कंपनीला पाठवायची सवय लावून घ्या.

आता तंबोरा. तुम्ही तो सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलाय, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटला. सोनं पुन्हा घेता येतं.

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) तुणाच्या लाकडाची असते, आणि जोड सरसाने चिकटवलेले असतात. पुराच्या पाण्यात दोन दिवस राहिला की सरस सुटतो, तबली भोपळ्यापासून वेगळी होते, भोपळा फुगतो आणि वाळताना तडकतो. मी एका घरात असा तंबोरा पाहिलाय. दांडीवरची हस्तिदंती रंगाची नक्षी जागच्या जागी होती, घोडी आणि खुंट्या त्यांनी धुऊन वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या, आणि भोपळ्याचे दोन तुकडे कोपऱ्यात सुतळीने बांधून ठेवले होते. कारागीर म्हणाला भोपळा नवा बसवता येईल, आवाज तोच येईल का ते सांगू शकत नाही.

विम्याच्या दृष्टीने तंबोरा कुठल्या रकान्यात? वाजवायचं साधं वाद्य असेल तर तो सर्वसाधारण सामानात धरता येतो, आणि भारत गृह रक्षेत दुरुस्तीचा खर्च किंवा तसाच नवा घ्यायचा खर्च मिळतो. पण आजोबांच्या तंबोऱ्याची किंमत त्याच्या वयामुळे, तो करणाऱ्या हातामुळे आहे असं तुम्ही म्हणणार असाल, तर ती पुराणवस्तू किंवा कलावस्तू झाली. मग त्याची जागा दुसऱ्या रकान्यात, मान्य किमतीसह. कंपनीला हे आत्ताच लेखी विचारा. नुकसानीनंतर तो वाद घालण्यात अर्थ नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. ज्यांच्या घराण्याने तो केला असेल त्यांच्याकडून, ते शक्य नसेल तर दुसऱ्या जाणत्या कारागिराकडून पत्र घ्या : साधारण कोणत्या काळातला, भोपळ्याचा घेर किती, लाकूड कोणतं, जव्हारी कधी काढली (म्हणजे सूर खुलण्यासाठी घोडी कधी घासली), आज तसाच करायचा झाला तर खर्च किती. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे वाद्य मिरजेचंच, हे आता सरकारदरबारीही नोंदलेलं आहे, आणि अशा पत्राला त्यामुळे वजन येतं. पत्रासोबत तंबोऱ्याचे फोटो जोडा, चारही बाजूंनी.

आणि विमा काढलात तरी, नदी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे चाललीय असं कळताच तो आधी वरच्या मजल्यावर न्या. गादीत गुंडाळून, आडवा, वर काही न ठेवता.

टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप याबद्दल थोडक्यात. ते सहा लाखांत बसतात आणि तुमच्या घराला सहा लाख पुरेसे वाटतात. लॅपटॉप आणि कॅमेरा घराबाहेर, प्रवासात गेले तर मात्र काही मिळणार नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते. पुरानंतर ओला टीव्ही ‘चालतो का बघू’ म्हणून लावू नका. शॉर्ट सर्किटने त्याच उपकरणाचं झालेलं नुकसान पॉलिसीत वगळलेलं आहे, आणि पाण्याने बिघडलेला टीव्ही विजेने जळाला की नेमकं कशाने गेला यावर वाद सुरू होतो. रोख रक्कम, नाणी, चोख सोन्याची बिस्किटं, कागदपत्रं, वाहनं ही या पॉलिसीत धरलेली नाहीत. आईकडे सोन्याची नाणी असतील तर ती ‘दागिने’ समजू नका.

पूर ओसरल्यावरची एक चूक मी दोन्ही वेळा पाहिली, २०१९ लाही आणि २०२१ लाही. लोक सगळं चिखलातलं सामान रस्त्यावर ओढून टाकतात आणि महापालिकेची गाडी ते घेऊन जाते. दुर्गंधी असते, घरात लहान मुलं असतात, मी त्यांना दोष देत नाही. पण टाकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो घ्या, मागची मॉडेल आणि सीरियल नंबरची पट्टी पुसून तिचा फोटो घ्या, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा टेप लावून फोटो घ्या. कंपनीला लगेच कळवा आणि क्लेमचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्या. तलाठ्यांचा पंचनामा जपून ठेवा, पण तो सरकारी मदतीसाठी असतो. सर्व्हेअरचा अहवाल वेगळा. सर्व्हेअरचे पैसे कंपनी देते, त्याला तुम्ही काही द्यायचं नसतं. फोटो, बिलं, दाखले मोबाइलमध्येच ठेवू नका, ईमेलवर टाका आणि एक प्रत पुण्या-मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाकडे पाठवा. त्या अल्बमची वीट मी अजून विसरलेलो नाही.

एवढं करूनही कंपनीने चुकीच्या कारणाने नाकारलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत जावं लागतं.

तुम्ही या आठवड्यात करायचं काम एवढंच : एजंटला फोन करू नका, ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी येईल. त्यात असं लिहा : ‘माझ्या पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक कव्हर आहे का? असल्यास रक्कम किती आणि यादी कुठे आहे? नसल्यास सोबतच्या यादीप्रमाणे बावीस तोळे दागिने ॲग्रीड व्हॅल्यूवर, आईच्या नावासह घ्यायचे असतील तर हप्ता किती? घरफोडी आणि चोरी दोन्हींचं कव्हर जोडता येईल का, आणि त्यात दागिन्यांना किंवा एका वस्तूला काही उपमर्यादा आहे का? बँकेच्या लॉकरमध्ये असताना दागिन्यांना संरक्षण आहे का? सोबतच्या पत्रातला तंबोरा आपण कोणत्या रकान्यात धराल?’ उत्तर आलं की पॉलिसीच्या शेड्यूलचं पान, नाव आणि नंबर झाकून, मला दाखवा. कोणती ओळ बदलून घ्यायची ते वाचून सांगतो.